सुगड, खिलत आणि मगाखालची गोधडी

‘मग रग’ हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा वाटलं, कुठल्यातरी रॉक बँडचं नाव असणार. निघाली भलतीच गोष्ट. मग म्हणजे आपला कॉफीचा मग आणि रग म्हणजे सतरंजी. मगाची सतरंजी! कोस्टरपेक्षा थोडी मोठी, जेवणाच्या टेबलावरच्या मॅटपेक्षा बरीच लहान. मग ठेवून शेजारी दोन बिस्किटं मावतील एवढी. वर तुकडे जोडून केलेलं कापड, मध्ये कापसाचा पातळ थर, खाली अस्तर आणि तिन्ही थरांतून आरपार घातलेले टाके. थोडक्यात काय, तर गोधडी. फक्त तळहाताएवढी.

गंमत अशी की हौसेने मग रग शिवणारे लोक बरेचदा ते विकत नाहीत, अदलाबदल करतात. दहा-वीस जण जमतात. प्रत्येकाने एक शिवायचा, चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याला द्यायचा आणि तिसऱ्याच कुणीतरी शिवलेला आपल्याकडे येतो. याला ‘क्राफ्ट स्वॉप’ म्हणतात. पैशाचा संबंध कुठेच नाही.

आता आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची खोड अशी की कुठलीही सिस्टिम दिसली की ती कुठे मोडेल हे आधी दिसतं. एखाद्याने घेतलं आणि दिलंच नाही तर? एकाने पंधरा दिवस खपून नक्षी काढली आणि दुसऱ्याने दहा मिनिटांत चार टाके मारले तर? हिशेब ठेवायला कुणी नाही, दाद मागायची सोय नाही, रेटिंग नाही. तरी हे चालतं कसं?

हा किडा डोक्यात शिरला आणि शोधत शोधत गाडी येऊन थांबली ती थेट औरंगाबादेत. (२०२३ पासून अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर. जुन्या काळाबद्दल लिहिताना मी तेव्हाचं नाव वापरतोय.) कारण माणसं एकमेकांना हाताने केलेल्या वस्तू का देतात, याची दोन अगदी उलट उत्तरं या एका शहरात मिळतात. एक दरबारातलं आणि एक ओसरीवरचं.

पण आधी जरा अमेरिकेत जाऊन येऊ, कारण मग रगची आजी तिथली आहे.

१८४० च्या दशकात अमेरिकेच्या पूर्वेकडच्या राज्यांमध्ये ‘फ्रेंडशिप क्विल्ट’ची मोठी लाट आली होती. एका गोधडीसाठी प्रत्येक मैत्रिणीने, बहिणीने, शेजारणीने एकेक चौकोन करून द्यायचा आणि त्यावर शाईने आपलं नाव लिहायचं. सगळे चौकोन जोडून एक गोधडी. बाल्टिमोर शहरातल्या त्या काळच्या अशा ‘अल्बम क्विल्ट’ आज म्युझियममध्ये जपून ठेवलेल्या आहेत. ही हौस तेव्हाच का वाढली? एक कारण असं, की कापडावर टिकेल आणि कापड खाणार नाही अशी शाई मिळायला लागली होती. दुसरं कारण जास्त जिवाला लागणारं. कुटुंबंच्या कुटुंबं पश्चिमेकडे निघाली होती. जाणारी परत भेटेल याची खात्री नव्हती. मग जाताना तिच्यासोबत सगळ्यांची नावं द्यायची, पांघरायला.

म्हणजे त्या चौकोनाची किंमत कापडाची नव्हती. तो कुणी दिला, ही किंमत होती.

आपल्याकडची गोधडी मात्र अशी देवाणघेवाणीत फारशी फिरत नाही, आणि त्यालाही कारण आहे. गोधडीचं कापड विकत आणलेलं नसतं. आजीचं विरलेलं लुगडं, आजोबांचं धोतर, कुणाचा तरी लहानपणीचा सदरा. घरातली माणसंच तिच्यात असतात, ती बाहेर कशी द्यायची? पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळही म्हणतात. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या या गोधड्यांवर इंग्रजीत एक अख्खं पुस्तक केलंय, ते मुद्दाम बघावं. आणि गाडगेबाबांना लोक एकेकाळी ‘गोधडे महाराज’ म्हणत, हे तर आपल्याला माहीत आहेच.

पण गोधडी शिवायला हात मात्र उसने मिळत. अंगणात कापडाचे थर अंथरायचे, चार जणींनी चार बाजूंना बसायचं आणि धावदोरा घालत कडेकडून मध्याकडे सरकायचं. आज माझी, पुढच्या महिन्यात तुझी. शेतीत यालाच ‘सावड’ म्हणतात: आज माझ्या रानात तू, उद्या तुझ्या रानात मी. म्हणजे आपल्याकडे अदलाबदल होती, पण गोधडीची नाही, गोधडी घालणाऱ्या हातांची.

मग हाताने केलेल्या वस्तूंची काय? इथे औरंगाबाद सुरू होतं.

हा सगळा परिसर कापडाचा. शहरापासून साधारण पन्नास किलोमीटरवर पैठण, सातवाहनांची राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं ‘पेरिप्लस’ नावाचं एक ग्रीक प्रवासवर्णन आहे, खरं तर व्यापाऱ्यांसाठीचं गाइडबुकच. त्यात पैठण आणि तेर या दोन्ही बाजारपेठांची नावं आहेत. तेरहून निघालेलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जायचं, असं त्यात लिहिलंय. पुढे पैठणीने पैठणचं नाव घराघरात नेलं. औरंगाबाद शहर तसं नवं. १६१० साली मलिक अंबरने खडकी वसवलं, १६५३ च्या सुमारास औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना त्याचं औरंगाबाद झालं. इथलं खास कापड म्हणजे हिमरू आणि मशरू. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादेला हलवली तेव्हा विणकर सोबत आले, अशी परंपरा सांगतात. हिमरू म्हणजे सूत आणि रेशीम मिळून विणलेलं नक्षीचं कापड, महागड्या किनखापाची जरा स्वस्त बहीण. मशरू त्याहून चलाख. बाहेरून रेशीम, अंगाला लागते ती बाजू सुती. पुरुषांनी अंगाला रेशीम लावू नये असा धार्मिक दंडक, त्यावर विणकरांनी शोधलेली ही पळवाट. मशरू या शब्दाचा अर्थच मुळी ‘शरियतला मान्य’. (रिक्वायरमेंट बदलता येत नसेल तर डिझाइन बदला. आमच्या धंद्यातही हेच करतात.)

अशा भारी कापडाची देवाणघेवाण कशी व्हायची? दरबारात. तिला ‘खिलत’ म्हणत.

खिलत म्हणजे बादशहाने दिलेला मानाचा पोशाख. मूळ अरबी शब्दात ‘अंगावरून उतरवणं’ आहे, म्हणजे राजाने स्वतःच्या अंगावरचं वस्त्र काढून दुसऱ्याच्या अंगावर घालणं. घेणाऱ्याने बदल्यात नजराणा द्यायचा आणि निष्ठाही. मराठी दरबारानेही हीच रीत उचलली. ‘पेशवाईची वस्त्रं मिळाली’ हा शब्दप्रयोग आपण शाळेत पाठ केलाय. १७१३ साली बाळाजी विश्वनाथाला, १७२० साली बाजीरावाला. नेमणूक झाली असं कुणी म्हणत नाही, वस्त्रं मिळाली असं म्हणतो. ऑफर लेटर अंगावर घालून मिरवायचं!

या देवाणघेवाणीत कापड नेहमी वरून खाली येतं आणि नजराणा खालून वर जातो. दिशा कधीच उलटत नाही. आणि त्या कापडाने तुमची पायरी सगळ्यांना दिसते. किती खिलती, कुणाच्या आधी, कुणाच्या नंतर.

शिवाजी महाराजांची १६६६ ची आग्रा भेट आठवा. मार्चमध्ये राजगडाहून निघालेले महाराज वाटेत औरंगाबादेत आले. शहराचा मोगल अधिकारी सफशिकन खान. तो स्वतः सामोरा आला नाही, पुतण्याला पाठवलं. महाराजांनी पुतण्याकडे लक्ष न देता तडक मिर्झाराजे जयसिंगांच्या वाड्याची वाट धरली, आणि शेवटी खानालाच त्यांच्या भेटीला यावं लागलं. मोगल नोकरीत असलेल्या भीमसेन सक्सेनाने ही हकीकत लिहून ठेवलीय. पुढे १२ मे रोजी आग्र्याच्या दरबारात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यातला एक तपशील आपण पटकन विसरतो. तिथे उपस्थित असलेल्या राजपूत कारकुनांच्या पत्रांप्रमाणे ठिणगी पडली ती खिलतीवरून. शहजाद्याला खिलत दिली, वजीर जाफर खानाला दिली, जसवंतसिंगांना दिली, महाराजांना नाही. नंतर जेव्हा द्यायची तयारी दाखवली तेव्हा महाराजांनी ती अंगावर घालायला नकार दिला.

कापडाच्या एका तुकड्यावरून केवढं रामायण! पण तो तुकडा नव्हताच, ती पायरी होती. महाराजांनी नाकारलं ते कापड नाही, त्या उतरंडीतली जागा.

आता ओसरीवर येऊ.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत महाराष्ट्रभर दुसरीच एक देवाणघेवाण चालते. संक्रांतीला सुगडं पुजतात. सुगड म्हणजे छोटं मातीचं मडकं, ‘सुघट’चं झालं सुगड. त्यात उसाचे करवे, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गाजर, गव्हाच्या ओंब्या, तिळगूळ. मग बायका ही सुगडं एकमेकींना देतात. कुंभाराच्या भट्टीला म्हणतात आवा. ऐपत असेल तर अख्खा आवाच विकत घ्यायचा आणि त्यातली मडकी बायकांना वाटून टाकायची, याला ‘आवा लुटणं’ असा शब्द आहे. हळदीकुंकवाला बोलावून एखादी वस्तू द्यायची ते ‘वाण लुटणं’.

हे ‘लुटणं’ मला फार आवडतं. लुटालुटीत लुटणारा असतो तो घेणारा. इथे देणारीच म्हणते, ‘यंदा मी कंगव्यांचं वाण लुटलं.’ दसऱ्याला आपण सोनं लुटतो ते असंच. तेही सोनं म्हणजे आपट्याची पानं. तो मला चार पानं देतो, मी त्याला चार पानं देतो, दोघांच्या खिशात शेवटी चारच पानं.

सुगडाचंही तेच. माझ्या सुगडात जे आहे तेच तुझ्या सुगडात. मी माझं तुला दिलं, तू तुझं मला दिलंस. अकाउंटिंगच्या वहीत हा व्यवहार शून्य. कुणाला काहीच मिळालं नाही. मग झालं काय? तर तू माझ्या घरी आलीस आणि मी तुझ्या. वस्तू हे नुसतं निमित्त.

माझ्या सुरुवातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळतं. खिलतीच्या जगात वस्तू जितकी भारी तितका व्यवहार मोठा. वाणाच्या जगात बरोबर उलटं. वस्तू लहान आहे म्हणूनच व्यवहार चालतो. समजा एखादीने हळदीकुंकवाला हिमरूच्या शाली वाटल्या. काय होईल? पुढच्या वर्षी तिच्याकडे जाताना बाकीच्यांना अवघड वाटेल. परतफेड जमणार नाही. दोन-तीन वर्षांत तिच्या घरचं हळदीकुंकू म्हणजे दरबार होईल आणि शेजारणी होतील मानकरी. वस्तूची किंमत चढली की अदलाबदलीची खिलत होते. दोन पैशांचं मडकं हा गरिबीचा नाइलाज नाही, ती या खेळाची अट आहे.

आपल्या भाषेत सांगायचं तर खिलत म्हणजे ट्री स्ट्रक्चर, वर एकच रूट आणि सगळी देवाणघेवाण त्याच्यामार्फत. वाण म्हणजे मेश नेटवर्क. कुणीही कुणालाही जोडलेलं, मधला एक नोड पडला तरी बाकीचं चालू.

ऑफिसमध्ये डिसेंबरात ‘सिक्रेट सँटा’ खेळतो तेव्हा एचआरकडून सूचना येते: भेटवस्तू पाचशे रुपयांच्या आत. ती अट का असते, हे आता कळलं ना? आपल्या आज्यांना ती मेल करून कळवावी लागत नव्हती, एवढाच फरक :-)

याच विषयावर दोन मोठ्या माणसांनी पुस्तकं लिहिलीत. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवर जाऊन राहिला आणि १९२२ साली त्याने तिथल्या ‘कुला’ पद्धतीबद्दल लिहिलं. बेटांच्या एका मोठ्या वर्तुळात लाल शिंपल्यांच्या माळा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात आणि पांढऱ्या शंखांची कडी उलट दिशेने. त्यासाठी माणसं होडीतून खोल समुद्र पार करून जातात. आणि वस्तू ठेवून घ्यायची नसते! काही काळ मिरवायची, मग पुढच्याला द्यायची. पुढे १९२५ मध्ये मार्सेल मॉस या फ्रेंच विद्वानाने अशा भेटींवर मोठा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं, भेट फुकट कधीच नसते, तिच्याबरोबर तीन बंधनं येतात: द्यावं लागतं, घ्यावं लागतं आणि परत द्यावं लागतं.

हे वाचताना मला सारखा आठवत होता तो ब्लाउजपीस. तुमच्याही घरच्या कपाटात तो असणार. कुणीतरी ओटीत घातलेला, कधीच न शिवलेला, घडीही न मोडलेला. तो आईने मावशीला दिला, मावशीने वन्संना, वन्संनी शेजारच्या काकूंना, आणि काकूंनी पुढच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला परत आईला. ट्रोब्रिअंडच्या लोकांना होड्या लागतात, आपल्याला कॅरीबॅग पुरते. आपण त्याला हसतो, पण या ब्लाउजपीसने त्याचं काम चोख केलेलं असतं. चार घरांतल्या बायका चार वेळा एकमेकींकडे जाऊन आल्या, ते त्याच्यामुळे.

फुकट्या माणसाचं काय, हा प्रश्नही असाच सुटतो. वाणाची परतफेड जागच्या जागी होत नाही. आज मी घेतलं, देणार ते माझ्या घरच्या हळदीकुंकवाला, कदाचित पुढच्या वर्षी. मधला सगळा काळ हिशेब कुठेही लिहिलेला नसतो, पण गल्लीतल्या प्रत्येकीच्या डोक्यात पक्का असतो. ‘ती येते सगळ्यांकडे, बोलवत मात्र नाही कुणाला’ हे एक वाक्य कुठल्याही रेटिंगपेक्षा जबर.

आतापर्यंत सगळं छान छान झालं. पण हे वर्तुळ फार गोड आहे असं म्हणून इथेच थांबलो तर तो खोटेपणा होईल. वर्तुळ म्हटलं की आत कोण आणि बाहेर कोण, हे आलंच.

बाहेरचा पहिला माणूस म्हणजे ज्याने सुगड घडवलं तो कुंभार. वस्तू हाताने केलेली खरी, पण हात त्याचा आणि देवाणघेवाण दुसऱ्यांची. गावगाड्यात कुंभार बलुतेदार. वर्षभर मडकी पुरवायची आणि सुगीला धान्याच्या रूपाने बलुतं घ्यायचं. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’मध्ये या सगळ्या व्यवस्थेचं बारकाईने वर्णन आहे. औरंगाबादेत गुलमंडीजवळच्या भागाचं नाव आजही कुंभारवाडा आहे. एरवी गजबजलेली बाजारपेठ, पण नाव सांगतं की इथे कधीतरी चाकं फिरत होती. सुगडाच्या चक्रात कुंभाराचं चाक पहिलं, पण हळदीकुंकवाचं आमंत्रण कुंभारणीला प्रत्येक घरून जात होतं का, याचं उत्तर आपल्याला न सांगता कळतं.

बाहेरची दुसरी म्हणजे विधवा. कुंकवाचाच समारंभ, त्यामुळे जिचं कुंकू पुसलं तिला दार बंद. काल जी शेजारणींच्या बरोबरीने वाण लुटत होती ती नवरा गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आत स्वयंपाकघरात. वस्तू बरोबरीच्या, माणसं नाहीत. आपण ज्याला मेश म्हणालो त्यातून एक नोड मुद्दाम काढून टाकायचा, आणि नेटवर्कला काही झालं नाही म्हणून समाधान मानायचं. मघाशी हे वैशिष्ट्य म्हणून सांगितलं होतं, इथे तेच क्रूर होतं.

या भिंतीला पहिला मोठा धक्का दिला तो सावित्रीबाई फुल्यांनी, आणि तोही संक्रांतीच्याच दिवसांत. जानेवारी १८५२. पुण्यात महिला सेवा मंडळातर्फे त्यांनी तिळगूळ समारंभ ठरवला. अध्यक्षस्थानी कलेक्टर जोन्स यांच्या पत्नी. आमंत्रणातच स्पष्ट केलं होतं की कुठल्याही जातीच्या बायका आल्या तरी सगळ्यांना एकाच जाजमावर बसायचं आहे, आणि हळदीकुंकू भेदभाव न करता सगळ्यांना दिलं जाईल.

एकाच जाजमावर! १८५२ साली पुण्यात! सोवळ्याओवळ्याच्या त्या शहरात कापडाच्या एका पट्टीवर कोण कोणाशेजारी बसतं यावर माणसाची पायरी ठरत होती. दरबारात खिलत जे करायची तेच काम गल्लीत जाजम करायचं. सावित्रीबाईंनी तिळगूळ बदलला नाही, हळदीकुंकू बदललं नाही, समारंभाला दुसरं नाव दिलं नाही. फक्त जाजम एक केलं. माझ्या मते आपल्या अदलाबदलीच्या सगळ्या इतिहासातला हा सर्वात मोठा बदल.

पुढची वाट संथ होती. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झालं. रमाबाई स्वतः तोपर्यंत विधवा झालेल्या. अशा संस्थांमधून बायका शिवणकाम शिकल्या आणि सुईदोरा ही हौसेची गोष्ट न राहता पोटाची झाली. ज्या हातांना वाण घ्यायला बंदी होती, ते हात स्वतःचं कमवायला लागले. आणि कुंकवाच्या दाराचं म्हणाल तर मे २०२२ उजाडावं लागलं. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद. राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांनाही असंच करायला सांगितलं. १८५२ ते २०२२, मोजून एकशे सत्तर वर्षं.

मधल्या काळात वस्तूही बदलल्या. विसाव्या शतकात मध्यमवर्गी घरांत क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणं, लोकरीची आसनं यांचं पीक आलं. दुधाच्या रिकाम्या पिशव्या कापून विणलेलं आसन तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी वापरलं असेल. (ते वापरताना खाली पाय घसरायचा, हा भाग वेगळा.) यातलं बरंच काही जायचं रुखवतात. रुखवत ही वाणाची अदलाबदल नव्हे. ते एकाच दिशेने जातं, मुलीकडून मुलाकडे, आणि मांडून दाखवायचं असतं. हात तेच, कलाकुसर तीच, पण तिथे बरोबरी नाही. ट्री स्ट्रक्चर पुन्हा हजर!

मग स्टीलचे चमचे आले, मग प्लास्टिकचे डबे, गाळण्या, टिकल्यांची पाकिटं. घाऊक बाजारातून डझनाच्या भावाने आणलेलं वाण. त्याबद्दल नाक मुरडायचं कारण नाही. नोकरी, घर आणि मुलं सांभाळणाऱ्या बाईने चाळीस वस्तू हाताने करायच्या तरी कधी? २०१८ साली राज्यात प्लास्टिकवर बंदी आली, तेव्हापासून वाणात कापडी पिशव्याही दिसायला लागल्या. त्यातल्या काही तर जुन्या साड्यांच्या. लुगडं जाऊन साडी आली, गोधडी जाऊन पिशवी. पण जुनं कापड पुन्हा माणसांमध्ये फिरायला लागलं.

हाताने केलेल्या वस्तूच्या किमतीबद्दल औरंगाबादच्या बाजूचीच एक गोष्ट सांगतो. ज्या औरंगजेबाने जन्मभर खिलती वाटल्या, तो खुलताबादला एका साध्या उघड्या कबरीत आहे. त्याच्या नावाने सांगितलं जाणारं एक मृत्युपत्र आहे. त्यात लिहिलंय की स्वतः शिवलेल्या टोप्यांच्या विक्रीतले चार रुपये दोन आणे शिल्लक आहेत, ते माझ्या कफनावर खर्च करा. मृत्युपत्र कितपत अस्सल यावर इतिहासकार भांडोत. पण ते लिहिणाऱ्याला एक गोष्ट नक्की कळली होती: तिजोरीतल्या कोटींवर जो हक्क वाटत नाही, तो स्वतः घातलेल्या टाक्यांच्या चार रुपयांवर वाटतो.

मग रगचा स्वॉप चालतो तोही यामुळेच. कापड चिंधीचं, आकार तळहाताएवढा, त्यामुळे परतफेडीचं ओझं कुणालाच नाही. पण त्यात कुणाच्या तरी दोन संध्याकाळी गेलेल्या असतात आणि ते दिसतं. टाका वाकडा पडला तर जास्तच दिसतं! तुमच्याशी कधी न बोललेल्या माणसाने तुमच्यासाठी दोन तास सुईत दोरा ओवला, म्हटल्यावर ते फुकट लाटायला माणूस लाजतो. हीच त्याची सिक्युरिटी.

पुढच्या संक्रांतीला तुमच्या टीममध्ये असं काही करायचं म्हणाल तर जरूर करा. शिवता येत नसेल तर यूट्यूब आहे, सुई आहे, जुने टी-शर्ट आहेत. आमच्या कंपनीने दर वर्षी फुकट वाटलेले टी-शर्ट तर गोधडी होण्याचीच वाट बघत असतात. खर्चाची मर्यादा घालायचीही गरज नाही, तळहाताएवढं म्हटलं की झालं.

फक्त चिठ्ठ्या करायच्या वेळी एक मिनिट थांबा. डब्यात नावं कुणाकुणाची टाकताय? फक्त टीममधल्यांची? की रिसेप्शनवरच्या ताई, रात्रपाळीचे वॉचमन काका, मजल्यावर पोछा मारणाऱ्या मावशी, कँटीनमधला पोरगा यांचीही? सूत, कापूस, टाके यांचं मी सांगितलं तेवढं पुरे आहे. ही यादी मात्र तुमची तुम्हालाच करायची आहे.

असो. शनिवार संपत आला. पुढच्या आठवड्यात भेटूच.